एकतीस हॅम

वेळापत्रक यायचं ऑगस्टात, गव्हाची कापणी आटोपली की,
खताच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, फुकट.
फ्रिजवर डकवताना मी आधी
नोव्हेंबरचा तिसरा शनिवार बघायचो.
बाकीचे सामने नुसतेच सामने.
तो शनिवार म्हणजे टिमरिज.

टिमरिज आमच्यापासून अकरा मैल.
मध्ये एक ओढा, धान्याची एक कोठी
आणि आजोबांच्या वेळचं वैर,
शिवेवरच्या बांधासारखं दर साली
वीतभर इकडे, हातभर तिकडे.
बहुतेक वेळा तिकडेच.

माझ्या बहिणीने लग्न केलं तेही तिकडच्या
ऑर्लिन टोलेफसनशी. वरातीच्या जेवणातच तो म्हणाला,
हरेल त्याने हॅम द्यायचा. हाडासकट. दहा पौंडांच्या वर.
एकतीस वर्षांत मी चोवीस दिले.

आमचे क्वार्टरबॅक चेंडू फेकायचे तो
ढोलवाल्या पोरांत पडायचा.
एकदा सोडा विकणाऱ्या पोराने पकडला,
त्या दिवसातला आमचा तो सगळ्यात चांगला झेल.
हसा, हसा.
पण एका वर्षी बर्फात, रेघा दिसेनात तेव्हा,
आम्ही तीन-शून्य जिंकलो होतो,
आणि तो हॅम मी शेजारच्या सीटवर बसवून,
पट्टा लावून घरी आणला होता.

मग वाटणी झाली.
दहा घरं एका चुलीवर जेवत होती.
टीव्हीवाल्यांनी थैली वाजवली तशी
किनाऱ्यावरची मोठी विद्यापीठं आधी उठली,
त्यांचं ताट बघून मधली,
आणि शेवटी टिमरिज,
"जड अंतःकरणाने" असं छापील पत्रक काढून.
आम्हाला कुणी बोलावलंच नाही.
आमच्या खोऱ्यात टीव्ही किती? मोजले असतील त्यांनी.
भांडीकुंडी वाटली, करंडकासाठी कोर्टात गेले,
मंडळाच्या नावासाठीसुद्धा भांडले.
वैर कुणीच मागितलं नाही.

आता आम्ही मंगळवारी खेळतो,
रात्री साडेआठला, कुणाच्या तरी सोयीने,
दोन हजार मैलांवरून आलेल्या पोरांशी,
ज्यांच्या गावाचं नाव आमच्या निवेदकाच्या
जिभेवर तीनदा घसरलं.
माझ्या पुढच्या बाकावर बर्निस क्वांबेक, वय एक्याऐंशी,
पंचांची सात पिढ्यांची उणीदुणी काढणारी बाई,
त्या रात्री मांडीवर घोंगडं घेऊन गप्प.
मध्यंतरात वळून म्हणाली,
"यांच्यावर चिडू कशी रे?
मला यांचं काहीच ठाऊक नाही."
आम्ही एकेचाळीस-सहाने हरलो.
हरणं जुनंच. पण ते असं
परक्याच्या घरी सांडल्यासारखं कधी नव्हतं.

नोव्हेंबरचा तिसरा शनिवार.
वेळापत्रकात त्या चौकोनात काही नाही,
खतवाल्याची जाहिरात.
मी उगाच गॅरेज झाडत होतो, आणि ऑर्लिनची गाडी आली.
अंगावर तेच लाल जाकीट, बाहीवर नव्या मंडळाचं बिल्लं,
अर्धं शिवलेलं. हातात हॅम.

"सामना नाही," मी म्हणालो. "तुम्ही गेलात."
"विद्यापीठ गेलं," तो म्हणाला.
"मी अकरा मैलांवरच आहे."

पण जिंकल्याशिवाय मी घेणार नव्हतो.
तो निघेना.
शेवटी आम्ही दोन म्हातारे स्टेडियमवर गेलो.
फाटकाला कुलूप. वाळलेलं गवत सळसळत होतं.
पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीच्या दिव्यांत,
त्याने नाणं उडवलं.
मी छापा म्हणालो.
काटा.

त्याने आपला हॅम परत गाडीत ठेवला,
"पंचविसावा," म्हणाला, आणि हॉर्न वाजवत,
अगदी नालायकासारखा हॉर्न वाजवत गेला.
मी त्याला पूल ओलांडेपर्यंत शिव्या दिल्या.
सबंध हंगामात घसा असा बसला नव्हता.

सोमवारी खाटकाकडे गेलो.
त्याने मान वर न करताच विचारलं,
"दहाच्या वर ना?"