ओटी

धायरीच्या गल्लीत अकराला टँकर रिकामा होतो
आणि मी कडी वाजवते.
"महापालिकेतून आलेय. ओटी घ्यायचीय, पाण्याची."

इंगवले मावशींना शेवटचा शब्द ऐकू गेला नाही.
आत डब्याचं झाकण वाजलं.
आल्या त्या ओंजळीत तांदूळ, सुपारी,
घडी न मोडलेला एक ब्लाउजपीस घेऊन.

मी म्हणणार होते,
मावशी, ओटी म्हणजे ही काचनळी आणि हे औषधाचे थेंब.
पिवळं झालं की पाण्यात क्लोरीन आहे,
मग प्या बिनघोर.
हेही म्हणणार होते की माझी ओटी भरत नाहीत आता,
मिस्टर जाऊन चार वर्षं झाली.
पण त्यांचे हात पुढे आलेच होते.
पदर नव्हता. ओढणी पसरली.

मग नळी.
पिंपातलं पाणी, थेंब, उजेडाकडे धरली.
मावशी चष्मा शोधून आल्या.
दोघी वाट बघत राहिलो हळदीची.

नाही आली.
आतल्या खोलीतून नातू सकाळपासून तिसऱ्यांदा
संडासाकडे पळाला.

रजिस्टरात लिहिलं: शून्य.
तेवढ्यात साहेबांचा फोन,
"ताम्हाणे, टँकर कुणाचा ते आधी बघू, मग लिहा."
पेनानं लिहून झालंय, सर.

मावशींना सांगितलं, वीस मिनिटं उकळा.
"गॅस?" एवढंच म्हणाल्या त्या.
त्याचं उत्तर माझ्या पिशवीत नव्हतं.

पुढचं दार.
ओढणीच्या गाठीतून तांदूळ सांडतायत उंबऱ्यावर.
"कोण आहे?"
"ओटी," मी म्हणते.