फाटक नंबर दोन

कडब्याची गाडी घासू नये म्हणून चौदा फुटी घेतलं.
दुकानदार बारा फुटीच गळ्यात मारत होता.
मुंजाजीकाकांनी पाइपावर बोटाचं पेर वाजवलं,
"पोकळ हाय. पण फेसाटीपेक्षा बरं,
रोज हातात काटा तरी नाही."

आता आखाडा तिकडं कंधारच्या माळावर,
मी नांदेडात, रात्रपाळीला,
आणि कडीला चिकटलेली काडेपेटीएवढी डबी
मला कळवते:
फाटक दोन उघडं. ३:१०.
फाटक दोन बंद. ३:१४.

तीन रात्री असंच.
गाय शिंगानं कडी उचलते, हे ऐकून आहे,
आमची तांबडी तर तेवढी बेरकी आहेच.
पण बाहेर पडून
मागं फाटक लावून घेणारी गाय
मी अजून पाहिली नाही.

चौथ्या रात्री सलाइन बदलता बदलता फोन लावला.
"काका, काय चाललंय?"
पलीकडं घुंगूरमाळ, वारा, कुणाचंतरी रवंथ.
"काही नाही. गुरं मोजली. अकरा हायत.
फाटक हलवलं जरा.
म्हणलं बघावं,
पोरगी जागी हाय का."

फाटक दोन बंद. ३:१९.
आज पाच मिनिटं उशीर.