पाणी नावाची पायरी

अक्कलकोट रोडला चिलवेरींचा टॉवेलचा कारखाना.
चाळीस माग, प्रत्येकाला मी एकेक सेन्सर चिकटवलाय.
माग थांबला की सेकंद मोजायचे
आणि त्यांना पायरी द्यायची:
साठाच्या आत असतील तर सेकंदच राहू देत,
मग मिनिट, तास, पाळी, दिवस, हप्ता.
भाग घालायचा, बाकी सोडून द्यायची.

शेठ वरच्याच पायरीवरून बघतात.
“हप्त्याचं दाखव, यादगिरी. बारीकसारीक नको.”
हप्त्याच्या पायरीवर बावीस नंबरचा माग
कधी थांबलेलाच नसतो.
शून्य. नुकतं धुऊन घडी घातलेलं.

खाली उतरलं की सापडतात दोनशेवीस सेकंद.
म्हणजे तीन मिनिटं, वरचे चाळीस सुटलेले.
काल नव्हते. परवा नव्हते.
दोरा तुटला म्हणावं, तर शेजारचा तेवीसही,
सव्वीसही, आणि भिंतीकडचा गुंडेटीचा एकतीस,
सगळे पहाटे पावणेसहाच्या सुमारास.
दिवसांत लावून पाहिलं, जुळेना.
हप्त्यांत लावलं, आणखीच विस्कटलं.

घरी अम्मा विड्या वळत होती.
तिची शिडी माझ्याआधीची:
पंचवीस विड्यांची जुडी, चाळीस जुड्यांचा दिवस,
आणि दिवसाच्या वर, हप्त्याच्या खाली,
“शंकरक्का येऊन गेली त्याला दोन पाणी झाले की रे.”

दोन पाणी.
म्हणजे आठ दिवस. किंवा नऊ.
पाइप फुटला असेल तर अकरा.

रात्री तेवढी एक पायरी घातली
आणि सगळे थांबे एका रेषेत आले,
फणीतून ताणा ओढावा तसे.
नळ येतो त्या पहाटे
माणसं माग थांबवून घरी फोन करतात:
उठलीस का, आलं का, मोटर लाव,
आधी पिण्याचं भर.

पुण्याहून कोड तपासणारी मृण्मयी लिहिते,
या एककाची लांबी पक्की नाही, काढून टाक.
मी लिहिलं, महिन्याची कुठंय?
त्यावर अजून उत्तर नाही.

शेठना दाखवलेलं नाही.
दाखवलं तर पहिल्यांदा कापतील ते दोनशेवीस सेकंदच,
आणि तेव्हा मात्र बाकी सोडणार नाहीत.
कर्सर त्या ओळीवर लुकलुकतोय, साडेबारा झाले.
आतून अम्मा म्हणते,
झोप की आता. उद्या पाणी आहे.