शिरोरेघ

कविता कुठून सुचते, असं मंडळाच्या बैठकीत
कुणीतरी विचारतंच; बहुधा नवा सभासद,
बहुधा चहा यायच्या आधी.
मी सांगते, विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना.
लोक हसतात. पुलाखाली मगरी आहेत,
हिवाळ्यात काठावर ऊन खात पडतात, तोंड उघडं टाकून.
मी खोटं बोलत नाही. तासभर बघा, एक हालत नाही,
आणि घड्याळाकडे नजर जाते तेवढ्यात
काठ रिकामा.

पण ते अर्धंच उत्तर.

एकतीस वर्षं मी रावपुऱ्याच्या वॉर्ड ऑफिसात
जन्ममरणाच्या खिडकीत बसले.
सगळं गुजरातीत: नाव, बापाचं नाव, कारण, तारीख.
त्या अक्षरांना वर रेघ नसते.
दिवसभर माणसं अशी लिहायची, छपराविना,
आणि घरी येऊन, कुकर लावून,
वही उघडली की मराठीतही हात विसरायचा.
आई पाटीवर आधी रेघ ओढायची,
मग अक्षरं तिला टांगायची,
दोरीवर दुपटी वाळत घालावीत तशी.
माझे शब्द जमिनीवरच.
चीड यायची.

मग तावडे नावाचे गृहस्थ आले.
कोटाला एकच बटण. बायकोचा दाखला हवा होता.
कागद लांब धरून वाचला, परत खिडकीत सरकवला.
"बेन, हिचं डोकं उघडं आहे."
मला कळेना. त्यांनी नावावर बोट ठेवलं. मनोरमा.
"बावन्न वर्षं पदर ढळला नाही हिचा.
दवाखान्यातसुद्धा नर्सकडून
सारखा करून घ्यायची.
एवढी एक रेघ द्या."

मागे रांग. किरीटभाई जेवायला गेलेले.
मी फूटपट्टी घेतली.
म, न, र, पुन्हा म,
आणि बाई मराठी झाली.
एकही अक्षर बदलावं लागलं नाही.
(सगळ्यांचं असं होत नाही. माझ्या नावातला ज
रेघ दिली तरी पाठ फिरवूनच उभा.)
तावड्यांनी कागदाची घडी घातली नाही.
सपाट, दोन्ही हातांवर धरून नेला,
प्रसाद न्यावा तसा.

नवव्या दिवशी परत. बँकेनं नाकारला होता:
नावावर खाडाखोड.
किरीटभाई म्हणाले, "आ शुं कर्युं, अंबुजाबेन?"
आणि उत्तराची वाट न बघता पंख्याखाली जाऊन बसले.
मी नवा लिहिला. उघडा.
तावड्यांनी सही केली, कुणाकडे न बघता.
जुना त्यांनी मागितला नाही.
मीही फाडला नाही; नियमानं फाडायला हवा होता.

त्या रात्री कविता वगैरे झाली नाही.
पित्त झालं.

पुढे कधीतरी, नवरात्र उलटून गेल्यावर, ध्यानात आलं
की आता हात विसरत नाही,
मीच रेघ मागे ठेवते.
आधी सगळं उघडं लिहायचं. मग वाचायचं,
भिंतीपलीकडून जयाबेननं
"मला काही म्हणालात?" विचारावं इतक्या मोठ्यानं.
मग पट्टी.
जो शब्द त्या खिडकीतून परत सरकवला जाईल, तो तसाच राहू दे.
जो दोन्ही हातांवर सपाट नेता येईल, त्याला रेघ.
एखाद्या कवितेत एकालाच मिळते.
एखादीत कुणालाच नाही, ती वहीतच म्हातारी होते.
मंडळात वाचताना हे ऐकू येत नाही,
आणि छापखाना तर
सगळ्यांनाच देतो, सरसकट, फुकट.

आज सकाळी पुलावर थांबले होते.
काठावर एक होती, की ओंडका होता.
दहीवाला सायकल थांबवून म्हणाला, ओंडका आहे.
मी थांबले. तोही थांबला.

वहीत आत्ता चार ओळी आहेत, बोडक्या.
पट्टीचं टोक तुटलेलं आहे.
सातव्या इंचापर्यंत रेघ सरळ येते.