रकाना सात

चोपड्याच्या गटसाधन केंद्रात
पंखा फिरला की आराखड्याची पानं उडतात,
म्हणून त्यांच्यावर कंपासपेटी ठेवलीय.
तालुक्याच्या कलाशिक्षणाचं वार्षिक नियोजन,
सात रकाने, आडवा कागद,
सोमवारी जळगावला पोचायला हवं.

शाळा एकशे एक्केचाळीस.
चित्रकलेचे शिक्षक दोन.
त्यातले ठोसर सर मार्चमध्ये निवृत्त होतील.
दुसरी मी,
आणि मी इथे पट्टीनं रेघा मारत बसलेय.

रकाना दोन : उपलब्ध साहित्य.
एका शाळेत बाजाची पेटी आहे, कपाटात.
कपाटाची किल्ली बदली होऊन यावलला गेली.
एका शाळेत रंगीत खडू, चाळीस खोकी,
एकाचीही चिकटपट्टी निघालेली नाही.
"वापरले तर संपतील ना मॅडम,
मग साठा नोंदवहीत काय दाखवू?"
हेडमास्तर म्हणाले,
आणि ते चेष्टा करत नव्हते.

रकाना चार : तासिका.
शुक्रवार, शेवटची.
त्या तासाला भागाकार होतो.
वर्षानुवर्षं शुक्रवारचा भागाकार,
बाकी काय उरते ती पोरं घरी घेऊन जातात.

वैजापूरच्या वर, सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यावर
चौथीतली रुमली बारेला
खिचडीच्या चुलीतला विझलेला कोळसा घेऊन
तांदळाच्या रिकाम्या गोणीवर चित्र काढत होती.
भोंगऱ्याचा बाजार.
ढोल एवढा, की वाजवणारा त्याच्यामागे मुंगीएवढा.
मी विचारलं, माणूस लांब उभा आहे का?
ती पावरीत काहीतरी बोलली,
शेजारच्या पोरानं ते मराठीत आणून दिलं :
लांब नाही. ढोल मोठ्यांदा वाजत होता.

चार वर्षं आर्ट कॉलेजात
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
मी लिहिलं :
कोळसा, गोणपाट. खर्च निरंक.

मग तापीकाठच्या शाळेत
मी सवयीनं म्हणाले,
कलेच्या तासाची वही दाखवा.
गुरुजी खाली बघायला लागले.
ओट्यावर वांगी चिरत होते सुपडू आबा,
खिचडीवाल्या मावशींचे मालक.
विळीवरून मान वर करून म्हणाले,
"वही मनापान शे, बाई.
कपाटमा नही, गयामा शे."

घरून डफ आणला.
केळीच्या वाळल्या पानांचा जाळ करून
कातडं शेकलं, बोटानं टिचकी मारून ऐकलं,
पुन्हा शेकलं.
तेवढ्यात तिन्ही वर्ग न बोलावता बाहेर.
आबांनी वही सुरू केली,
आणि दुसऱ्याच फेरीला
भागाकारात रोज झोपणाऱ्या हेमकांतनं
मागून झील धरली, आबांपेक्षा वरच्या पट्टीत.
हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं.
मग घड्याळाचा हात खिशात घातला.

रकाना सहा : साधनव्यक्ती व अर्हता.
सुपडू आबा तिसरी नापास.
अर्हतेच्या चौकटीत मी 'वही' एवढंच लिहिलं.
तपासणारा साहेब समजेल,
मॅडमनी चुकून स्टेशनरी इथं लिहिली.
मानधन दर तासाला किती ते कोरं ठेवलंय.
आबांना विचारलं तर म्हणाले,
डफाचं कातडं बदलून द्या.

आता रकाना सात : अपेक्षित निष्पत्ती.
'ढोल ऐकू आला तेवढा मोठा काढता येणे'
असं लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.
पठाडे क्लार्क मागून वाचत होते.
"टक्क्यांत द्या मॅडम. असं घेत नाहीत ते."

बरोबर आहे त्यांचं. घेत नाहीत.
पेनची टोपी लावली.
आज शनिवार.
उद्या सकाळी साडेसातची यावल एसटी आहे.
आधी किल्ली आणते.