अंगठा

ट्रॉम्बेच्या खाडीकाठी, सात नंबरच्या शेडमध्ये
मी तोफांचे सुटे भाग निजवते.
पुसते, वाळवते, ग्रीस चोपडते,
बाळंत्यात गुंडाळावं तसं पिवळट कागदात गुंडाळते.
त्या कागदाची वाफ हळूहळू सुटते
आणि लोखंडावर साय धरून बसते.
वाऱ्याला वाऱ्यानंच अडवायचं,
कोयंडे मिस्त्री म्हणायचे.

ओहोटीला चिखल उघडा पडतो, कुजक्या अंड्यांचा वास,
माझी जोडवी आठवड्यात काळी.
वारा फिरला की खताच्या कारखान्याचा अमोनिया.
पितळेला तो सोसत नाही.
इंग्रजांच्या काळात पागेत ठेवलेली काडतुसं
पावसाळाभर मुताची वाफ खाऊन तडकली म्हणे, न झाडताच.
"घोडा मुतला आणि पलटण हरली, पोरी!"
मिस्त्री तंबाखूचे दात दाखवून हसायचे.

हातमोज्यांवरून मात्र हसणं नाही.
"घाम म्हणजे मीठ. मीठ म्हणजे दर्या.
आपण सगळी खाडीचीच.
लोखंडाला उघड्या हातानं शिवायचं नाही."

या ऑक्टोबरात एक जुनी पेटी तपासणीला आली.
झाकण उचकटताना फुस्स झालं,
चिठ्ठी निघाली: वेष्टन म. ल. कोयंडे. ८ डिसेंबर १९९२.
सिलिकाची पुरचुंडी अजून निळी.
कागद सोडवला. ब्रीचब्लॉक आरशासारखा.
आणि एका कडेला, तपकिरी,
रेघ न रेघ मोजता येईल असा
अंगठा.

तारीख पुन्हा वाचली.
त्या आठवड्यात मिस्त्री गोवंडीला घरी जाऊ शकले नव्हते.
शेडमध्येच निजायचे, दूर कुठेतरी धूर दिसायचा,
एवढंच एकदा बोलले होते.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
पेन्शनच्या कागदावर झोकदार सही करायचे.
अंगठा त्यांनी कुठेच दिला नव्हता.

साहेब म्हणाले, बारीक एमरीनं काढा.
रॉकेल लावून काढला.
रेघा गेल्या, मधे एक खळगा राहिला,
तांदळाच्या कणीएवढा.
नोंदवहीत लिहिलं: किरकोळ डाग. वापरण्यास योग्य.
कुणाचा, ते लिहायला रकाना नाही.

मग नवा कागद. नवी पुरचुंडी.
झाकण लावायच्या आधी पाहिलं,
उजव्या हाताचा मोजा आतून भिजला होता.
तो बदलला.