ऑगस्टमधले आकडे

"इथे पास-नापास नसतं," राइया म्हणते
आणि स्टॉपवॉच टेबलाखाली धरते.

पंधरा शब्द. सुई, तळं, कंदील, मावशी...
मी नऊ सांगते. ती पुन्हा वाचते. पुन्हा नऊच,
पण वेगळे नऊ.

लाल-पांढरे ठोकळे चित्राबरहुकूम लावायचे.
शंभरातून सात गेले, त्यातून सात, त्यातून
खिडकीखाली ओउलूचा बर्फ उपसणारा ट्रक
माझ्या कवटीतच मागे येतो, पीं पीं करत.
ती दिवा मंद करते. न विचारता.

तीन तास. मध्ये पाणी, अर्धं केळं.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.
हंगामाआधीच्या चाचणीत
आम्ही सगळ्याच पोरी मुद्दाम चुकलो होतो.
हिल्क्कानं शिकवलेलं: आधीच थोडं मठ्ठ व्हायचं,
म्हणजे डोकं आपटलं तरी आकडे जुळतात
आणि आठवड्यात परत गोलमध्ये.

राइया दोन कागद शेजारी ठेवते.
पेन्सिलीचं टोक ऑगस्टवर. मग आजवर.

आज मी जीव तोडून खरं सांगत होते.
त्या सोंगाच्याही
चार घरं खाली.

पेन्सिल परत ऑगस्टवर जाते, थांबते.
"तेव्हा झोप झाली नव्हती का गं?"